चौदा कॅरटचे युद्ध

हिमालयातली लढाई थांबून दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सोने नियंत्रणाचे नियम जाहीर केले. यापुढे १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवता येणार नव्हता. दागिन्यांखेरीज कुणाकडे सोन्याच्या लगडी असतील, तर त्या सरकारदरबारी नोंदवायच्या होत्या. ऐन लग्नसराईच्या तोंडावर देशभरच्या सोनारांच्या हातातले काम गेले. २२ कॅरटचे सोने मऊ असते, हवे तसे वळते. पिढीजात कारागिरी त्याच्यावरच उभी होती. १४ कॅरटच्या सोन्यात जवळजवळ निम्मी भेसळ. ते कडक असते, रंगाला फिके किंवा तांबूस दिसते, आणि अशा सोन्याचे मंगळसूत्र घ्यायला गिऱ्हाईक तयार नसते. सोनारांचे मोर्चे निघाले, संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि बेकार सोनारांना दुसरा धंदा लावून देण्याच्या योजना सरकारला आखाव्या लागल्या.

तवांगला चिनी फौजा उतरल्या म्हणून कोल्हापूरच्या किंवा जळगावच्या सोनाराची भट्टी का विझावी? हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. विकसनशील देशाला सैन्यावरचा खर्च नेमका कुठे बोचतो, याचे उत्तर त्यातच आहे. ते समजायला १९६२ ते १९६६ ही चार वर्षे पुरेशी आहेत. ही वर्षे मला स्वतंत्र भारताच्या आर्थिक इतिहासातली सर्वांत बोलकी वाटतात. आपण मात्र ती युद्धाच्या गोष्टींतच आठवतो, हिशेबाच्या वहीत नाही.

आधी आकडे पाहू. पन्नाशीच्या दशकात भारताचा संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिला. हे हेतुपुरस्सर होते. पोलाद, वीज, अवजड यंत्रे आधी, बंदुका नंतर. देश औद्योगिकदृष्ट्या उभा राहिला की संरक्षण आपोआप येईल, अशी नेहरूंची धारणा होती. १९६१-६२ साली संरक्षणावर ३०० कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला. १९६३-६४ मध्ये तो ८१६ कोटींवर गेला. दोन वर्षांत अडीच पटींहून जास्त. राष्ट्रीय उत्पन्नातला हिस्सा चार टक्क्यांच्या घरात पोहोचला. शांततेच्या काळात, लोकशाही मार्गाने, एखाद्या गरीब देशाने इतक्या थोड्या वेळात इतकी मोठी उडी घेतल्याची उदाहरणे फार नाहीत.

आता प्रश्न येतो की हे पैसे आले कुठून. सरकारला खर्च वाढवायचा असेल तर मार्ग तीनच: कर वाढवा, कर्ज काढा, नाहीतर रिझर्व्ह बँकेकडून नोटा घ्या. तिसऱ्याला त्या काळी ‘तुटीचा अर्थभरणा’ असे भारदस्त नाव होते. हे तिन्ही मार्ग रुपयांचे आहेत, आणि रुपया सरकारच्या हातातली गोष्ट आहे. वाढीव ५०० कोटी रुपये उभे करणे वेदनादायक होते, पण अशक्य नव्हते. खरी अडचण होती ती त्या रुपयांनी काय विकत घेता येते याची. जवानाचा पगार रुपयांत देता येतो. त्याचा गहू, डाळ, घोंगडी, तंबू रुपयांत मिळतो. पण रडार, लढाऊ विमान, वाहतुकीचे विमान, बिनतारी संदेशयंत्र आणि त्यांचे सुटे भाग त्या वेळी बहुतांशी बाहेरूनच आणावे लागत. ते घ्यायला पौंड हवे होते, डॉलर हवे होते. ते छापण्याचा छापखाना नाशिक रोडला नव्हता.

परकी चलनाची अवस्था काय होती? स्वातंत्र्याबरोबर स्टर्लिंगची मोठी पुंजी भारताच्या हाती आली होती, कारण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारताकडून उधारीवर माल आणि मनुष्यबळ घेतले होते. म्हणजे ती पुंजीही एका युद्धाचीच होती. १९५०-५१ ला गंगाजळी हजार कोटींच्या आसपास होती. १९६०-६१ पर्यंत ती ३०० कोटींवर आली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने यंत्रांच्या आयातीवर ती खर्च केली, आणि १९५८ पासून मदत देणाऱ्या देशांचा एक गट जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारताची तूट भरून काढत होता. भिलाई, राऊरकेला, दुर्गापूरची यंत्रे, रेल्वेची इंजिने, खते, खनिज तेल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धान्य, हे सगळे याच पिशवीतून जात होते. १९६२ नंतर त्या पिशवीत आणखी एक हात गेला, आणि तो बाजूला सारायची कुणाची छाती नव्हती.

इथे सोने येते. त्या काळी सोन्याची आयात जवळपास बंद होती. जागतिक बाजारात सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. तेव्हाच्या विनिमय दराने तो १० ग्रॅमला ५४ रुपयांच्या आसपास पडतो. भारतात तेच सोने त्याच्या दुपटीहून जास्त भावाने विकले जाई. एवढा नफा असताना चोरटी आयात होणार नाही हे शक्यच नव्हते. आखाती बंदरांतून निघालेली गलबते मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटे उतरवत. त्यांची किंमत चुकवायची ती परकी चलनातच. निर्यातीचे बिल कमी दाखवून किंवा परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवायचे पैसे मध्येच वळवून ते उभे केले जाई. म्हणजे मुलीच्या अंगावर चढणाऱ्या प्रत्येक तोळ्यामागे देशाचे काही पौंड बाहेर जात होते. मोरारजींचा हिशेब असा होता: लोकांची सोन्याची हौसच मोडली, तर तस्करी मरेल आणि तेवढे चलन वाचेल.

हिशेब कागदावर चोख होता. माणसांना मात्र त्यात जागा नव्हती. तस्करी थांबली नाही, उलट पुढच्या दशकात तिने मुंबईत मोठमोठी साम्राज्ये उभी केली. सोनार मात्र बुडाला. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठवावी लागली. तरी नियंत्रण १९६८ च्या कायद्याच्या रूपात पुढे चालू राहिले आणि १९९० पर्यंत टिकले. ॲलन पीकॉक आणि जॅक वाइझमन या दोन ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच ब्रिटनच्या सरकारी खर्चाचा अभ्यास करून दाखवले होते की युद्धात वर चढलेला कर आणि खर्च युद्ध संपल्यावर जुन्या जागी परत येत नाही. लोकांना नव्या पातळीची सवय होते आणि सरकारलाही. एका महिन्याच्या लढाईसाठी आणलेले बंधन २७ वर्षे जगले, याहून ठळक उदाहरण शोधायला आपल्याला ब्रिटनला जायची गरज नाही.

करांचेही तेच झाले. १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात कंपन्यांवर जादा नफा कर आला, सक्तीची बचत योजना आली, रॉकेलसारख्या गरिबाच्या वस्तूवरचे शुल्क वाढले. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडणार हे सगळ्यांना माहीत होते. पण त्या चर्चेत नुकतेच पोटनिवडणूक जिंकून आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले, या देशातली २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. सरकारने १५ आण्यांचा आकडा पुढे केला. तीन आणे की पंधरा आणे हा वाद वर्षानुवर्षे गाजला. गरिबी मोजायची कशी, हा प्रश्न त्यातून संसदेच्या पटलावर आला. त्याचे गंभीर उत्तर पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिले. मला या चर्चेत एक वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. संरक्षणावरचा खर्च कमी करा, असे त्या सभागृहात कुणालाही सहजी म्हणता येत नव्हते. विरोधकांची तक्रार होती ती संरक्षण नीट झाले नाही ही. म्हणजे एका बाजूला खर्च प्रश्नातीत होता आणि दुसऱ्या बाजूला तीन आणेही प्रश्नातीत नव्हते.

खर्च करायचे काम आले एका मराठी माणसाकडे. नोव्हेंबर १९६२ मध्ये कृष्ण मेनन यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपल्याकडे म्हटले गेले आणि अजून म्हटले जाते. अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते: चव्हाणांनी संरक्षण खात्याला योजनेची शिस्त लावली. तोवर पंचवार्षिक योजना शेतीला होत्या, उद्योगाला होत्या, सैन्याला नव्हत्या. १९६४ ते १९६९ साठी पहिली संरक्षण योजना तयार झाली. सव्वाआठ लाखांचे भूदल, त्यात डोंगराळ भागात लढणाऱ्या दहा डिव्हिजन, ४५ स्क्वॉड्रनचे हवाई दल, आणि शक्य तेवढे शस्त्र देशातच बनवायचे.

शेवटचा मुद्दा परकी चलनाचाच होता. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, भुसावळ आणि अंबरनाथचे कारखाने स्वातंत्र्यानंतरचे. त्यांच्या जोडीला साठीच्या दशकात वरणगाव, भंडारा आणि नागपूरजवळच्या अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. या प्रत्येक ठिकाणी एक अख्खी वसाहत वसली: क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, कँटीन. ज्या तालुक्यांत सरकारी पगाराची नोकरी म्हणजे शाळामास्तर किंवा तलाठी एवढेच होते, तिथे हजारो माणसांना टर्नर-फिटरचे काम मिळाले. सर्वांत मोठा प्रकल्प ओझरचा. सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार झाला आणि त्यांचे सांगाडे नाशिकजवळ ओझरला, इंजिने ओरिसातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला बनवायचे ठरले. आजही नाशिकचे लोक त्या वसाहतीला ‘ओझर मिग’ म्हणतात.

सोव्हिएत संघच का, याचे राजकीय उत्तर सर्वांना माहीत आहे. आर्थिक उत्तर त्याहून सरळ आहे. सोव्हिएत संघाबरोबरचा व्यवहार रुपयांत होता. विमानाची किंमत सवलतीच्या व्याजाने, हप्त्याहप्त्याने, आणि चहा, कातडी, तंबाखू, ताग, लोकरी कपडे अशा मालाच्या रूपाने फेडता येत होती. डॉलरला हात लावावा लागत नव्हता. ज्या देशाच्या तिजोरीत डॉलरच नाहीत त्याच्या दृष्टीने दोन विमानांतले कोणते जास्त वेगाने उडते हा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, कोणते रुपयांत मिळते. अर्थात हे फुकट नव्हते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हे कर्ज कोणत्या दराने मोजायचे यावर रशियाशी वाद झाला आणि १९९३ च्या करारानंतर ते पुढे कितीतरी वर्षे मालाच्या रूपाने फिटत राहिले.

मग जवानाचा पगार? तो तर रुपयांतला. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांना, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याला, कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांना पलटणीतून येणारी मनिऑर्डर हाच मोठा आधार होता. पाऊस पडो वा न पडो, ती येणार. सरकारी खर्चाचे इतके थेट, मधल्या दलालाशिवाय गरिबाच्या घरी पोहोचणारे रूप त्या काळी दुसरे नव्हते. पण अर्थव्यवस्थेच्या नजरेतून पाहिले तर इथेही एक मेख आहे. मनिऑर्डर आली की घरात ज्वारी येते, गहू येतो, धडुते येते. सैन्यही धान्य खाते. रुपया वाढला, पण शिवारातले धान्य तितके वाढले नाही, तर भाव वाढतात. घाऊक किमती १९६३ पासून वेगाने चढू लागल्या आणि १९६४-६५ मध्ये वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढल्या. सगळा दोष सैन्याच्या माथी मारता येणार नाही. योजनेचा खर्चही वाढतच होता. पण भाव आवरायला धान्य बाहेरून आणणे हाच मार्ग होता, आणि तिथे अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखालचा धान्याचा करार होता. तोही रुपयांत. म्हणजे लष्करी खर्चाचे एक टोक मॉस्कोच्या उधारीला आणि दुसरे टोक वॉशिंग्टनच्या गव्हाला बांधलेले होते. अलिप्ततेच्या धोरणाची ही बाजू भाषणांत कधी येत नसे.

इथे एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायला हवी. कोलंबिया विद्यापीठातल्या एमिल बेन्वा यांनी १९५० ते १९६५ या काळातल्या ४४ विकसनशील देशांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लष्करी खर्चाने विकास मंदावतो हे दाखवता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. निघाले उलटेच. ज्या देशांचा संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने जास्त होता, त्यांचा आर्थिक वाढीचा वेगही जास्त होता. बेन्वा यांनी कारणे शोधली: सैन्य खेड्यातल्या पोराला वाचायला, गाडी चालवायला, यंत्र दुरुस्त करायला शिकवते, रस्ते, पूल, विमानतळ बांधते, मंदावलेल्या कारखान्यांना मागणी देते. १९६३ ते १९६५ चा भारत या चित्रात बऱ्यापैकी बसतो. त्या काळात औद्योगिक उत्पादन जोमात होते. सीमा सडक संघटना १९६० मध्येच स्थापन झाली होती आणि लडाख, सिक्कीम, ईशान्येकडे ज्या डोंगरांत खेचरही नीट जात नव्हते तिथे ट्रक जाऊ लागले होते.

लष्करशहांना हा निष्कर्ष भलताच आवडला. अर्थशास्त्रज्ञांनी मात्र तो उसवायला घेतला, आणि पहिलाच धागा ओढल्यावर बरेच काही सुटले. दक्षिण कोरिया आणि तैवान यांचा लष्करी खर्च मोठा होता आणि वाढही मोठी होती. पण ज्या कारणाने त्यांना मोठे सैन्य पोसावे लागले, त्याच कारणाने अमेरिका त्यांना भरभरून मदत देत होती. वाढ बंदुकीमुळे झाली की डॉलरमुळे? बेन्वा यांना हा आक्षेप माहीत होता, पण त्याचे वजन त्यांनी कमी धरले असे माझे मत आहे. १९८३ मध्ये सादेत देगर आणि रॉन स्मिथ यांनी ५० देशांचा अभ्यास करताना एकाच समीकरणावर विसंबून न राहता वाढ आणि बचत वेगवेगळी मोजली. लष्करी खर्चाचा थेट फायदा थोडा दिसला. पण त्याने देशाची बचत खाल्ली, म्हणजे गुंतवणूक खाल्ली, आणि ते नुकसान फायद्यापेक्षा मोठे निघाले.

शेजारचा पाकिस्तान हा या वादाचा चालताबोलता दाखला होता. १९५४ मध्ये सिएटो आणि त्यानंतर बगदाद करार या लष्करी आघाड्यांत सामील झाल्यापासून त्याला अमेरिकी शस्त्रे मिळत होती, शिवाय आर्थिक मदतही. अयुबखानांच्या राजवटीत पाकिस्तानची वाढ भारतापेक्षा वेगवान होती आणि त्याचे कौतुक जगभर होत होते. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटले, अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली, आणि सगळा डोलारा अमेरिकी सुट्या भागांवर असल्याने पाकिस्तानला ते जास्त झोंबले. मदतीचा ओघ आटला, सैन्याचा आकार मात्र कमी झाला नाही. एकदा उभे केलेले सैन्य पिकासारखे कापून घरी आणता येत नाही.

भारताचे पाऊल १९६५ मध्ये तीन खड्ड्यांत एकदम पडले. युद्ध, मदतबंदी आणि दुष्काळ. १९६४-६५ मध्ये धान्योत्पादन ८.९ कोटी टन होते. पुढच्या वर्षी ते ७.२ कोटींवर आले. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपवास करायचे आवाहन केले. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन एकेक जहाज अडवून अडवून सोडत होते. आपल्याकडच्या रेशनच्या दुकानांत लाल मिलो आला, ज्याची चव त्या पिढीतल्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते, ते साडेसात रुपये झाले. ज्या परकी चलनासाठी सोनाराची भट्टी विझवली होती, त्याची किंमत एका रात्रीत निम्म्याहून जास्त वाढली.

तिसरी योजना संपली तेव्हा वाढीचे उद्दिष्ट ५.६ टक्के होते आणि प्रत्यक्षात हाती आले २.८. चौथी योजना सुरूच होऊ शकली नाही. १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे एकेका वर्षाच्या योजनेवर काढावी लागली, त्याला ‘योजनेची सुट्टी’ म्हणतात. या सुट्टीच्या मध्यात, १९६७ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून पुण्याहून दिल्लीला गेले. त्यांच्यापुढे जे ताट आले त्यात वाढण्यासारखे फारसे उरले नव्हते.

सरकारचे पैसे कमी पडतात तेव्हा काय कापले जाते, हे नीट पाहण्यासारखे आहे. पगार कापता येत नाहीत. कर्जावरचे व्याज कापता येत नाही. १९६६ मध्ये दोन सीमा धगधगत असताना संरक्षणही कापता येत नव्हते. १९६५-६६ मध्ये ते ८८५ कोटींच्या घरात गेले होते आणि पुढे वाढतच राहिले. मग कापली जाते नवी गुंतवणूक: पुढच्या वर्षी सुरू होणार असलेले धरण, रेल्वेचे वाघिणींचे कंत्राट, पोलाद कारखान्याचा विस्तार. रांचीचा अवजड यंत्रांचा कारखाना देशभरच्या पोलाद प्रकल्पांना यंत्रे पुरवण्यासाठी बांधला होता. तो उत्पादनाला तयार झाला तेव्हा मागणीच आटली होती. सरकारी गुंतवणूक थंडावली आणि तिच्यावर जगणारे यंत्रउद्योग पुढची दहाएक वर्षे कुथत राहिले. सैन्याने शाळा आणि दवाखाने खाल्ले असे भाषणांत म्हटले जाते. भारतात शाळा-दवाखाने मुख्यतः राज्यांच्या खर्चाने चालत, आणि ते आधीच इतके तुटपुंजे होते की त्यातून काही काढायला जागा नव्हती. सैन्याच्या खर्चाने खाल्ले ते अजून न बांधलेले कारखाने. न झालेल्या गोष्टीसाठी मोर्चा निघत नाही, म्हणून त्याची नोंदही कुणी ठेवली नाही.

याचा अर्थ खर्च करायला नको होता, असा मी काढत नाही. पन्नाशीतली काटकसर आपल्याला काय देऊन गेली ते नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, थंडीत सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभ्या असलेल्या जवानांनी पाहिले. सैन्याशिवाय जगता येते हे दाखवायला कोस्टारिकाचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या देशाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी ते राज्यघटनेतही लिहिले. पैसा शिक्षणाकडे आणि आरोग्याकडे वळवला हे खरे. पण १९४७ च्या रिओ कराराने सगळ्या अमेरिका खंडाला एकमेकांच्या संरक्षणाची हमी दिलेली होती आणि त्या हमीमागे वॉशिंग्टन उभे होते. अक्साई चीनला अशी हमी देणारा कुणी नव्हता. त्या वेळी दोष खर्चात होता असे मला वाटत नाही. आठ-दहा वर्षे हात आखडता घेऊन मग दोन वर्षांत अडीच पट करण्यात तो होता. हाच खर्च १९५५ पासून थोडा थोडा वाढला असता, तर त्याबरोबर देशी उत्पादनही वाढत गेले असते आणि परकी चलनावर एकाच वेळी एवढी झडप पडली नसती. घर जळताना विहीर खणायला घेण्याची ही आपली सवय नंतरही गेली नाही. ऐंशीच्या दशकात मिराज, मिग-२९, बोफोर्स अशा मोठ्या खरेद्या ओळीने झाल्या, लष्करी खर्च पुन्हा चढला, आणि १९९१ मध्ये परकी चलनाची गंगाजळी आटली तेव्हा त्या आयातींचा वाटा कारणांच्या यादीत होताच. पहिला नव्हता, पण होता.

आज चित्र पालटले आहे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. आकडा पाहून छाती दडपते, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने तो पुन्हा दोन टक्क्यांच्या जरा खालीच होता, म्हणजे जवळपास नेहरूंच्या पन्नाशीतल्या जागी. गंगाजळीत ६०० अब्ज डॉलरहून अधिक आहेत. परकी चलनासाठी आता कुणाच्या दागिन्यांवर नजर ठेवायची गरज नाही. आता अडते ते आत. या ६ लाख ८१ हजार कोटींतले १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी होते. नव्या शस्त्रांसाठी आणि साधनांसाठीची भांडवली तरतूद १ लाख ८० हजार कोटी, म्हणजे निवृत्तिवेतनापेक्षा थोडीशीच जास्त. उरलेला सर्वांत मोठा भाग पगार, शिधा, इंधन, देखभाल. साठीच्या दशकात जवानाचा पगार हा स्वस्त खर्च होता, कारण त्याला डॉलर लागत नव्हते. त्याचे निवृत्तिवेतन मात्र त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीपर्यंत चालते, आणि वेतन आयोगागणिक वाढते. ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी २०१५ मध्ये मान्य झाली, ती न्याय्यच होती. तिचा बोजा पुढच्या अंदाजपत्रकांवर पडणार हेही तितकेच उघड होते. २०२२ ची अग्निपथ योजना, म्हणजे चार वर्षांची भरती, सरकार तिला तरुण सैन्याची योजना म्हणते. तिच्यामागे हा हिशेब नाही असे मानायला मन तयार होत नाही. त्या मनिऑर्डरवर उभ्या राहिलेल्या माण-खटावच्या गावांत या चार वर्षांचे गणित सध्या फार वेगळ्या स्वरात मांडले जाते.

आणि आयातीची अडचण अगदीच संपली असेही नाही. ओझरला मिग-२१ नंतर मिग-२७ आले, मग सुखोई. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्या नव्या जोडणी विभागातून तयार झालेले पहिले तेजस एमके-१ए हे विमान संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत आकाशात झेपावले. त्याच्या सांगाड्यापासून उड्डाण नियंत्रणाच्या आज्ञावलीपर्यंत बरेच काही इथले आहे. त्याचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे. त्याचे पैसे द्यायला आता आपल्याकडे भरपूर डॉलर आहेत, पण इंजिने वेळेवर आली नाहीत आणि ठरलेली विमाने हवाई दलाच्या हाती पडायला उशीर होत गेला आहे.